जोड नसलेलं भांडं

काच फुंकणाऱ्या माणसाची लायकी एकाच गोष्टीवर ठरते. भांडं गळतं की नाही. बाकी तुम्ही त्याला हंसाची मान द्या नाहीतर राणीची कंबर द्या, कुणी ढुंकून बघत नाही. मी शाळेत फार टिकलो नाही. पुस्तक उघडलं की झोप यायची आणि बर्नर पेटला की जाग यायची, मग जिथे जाग यायची तिथेच राहिलो. विज्ञानाच्या एका संस्थेत, तळमजल्यावर जिन्याखाली माझी खोली आहे. वरच्या मजल्यांवरच्या विद्वानांना बाजारात न मिळणारं काही लागलं की ते कागदावर चित्र काढून आणतात, मी नळी तापवतो, फुंकतो, वळवतो. तोंडावर मला फुंकेमामा म्हणतात, पाठीमागे फुंक्या. मला दोन्ही ऐकू येतं.

दुसऱ्या मजल्यावर माझी मेव्हणी. माझ्या बायकोची धाकटी बहीण, म्हणून घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात, आता डोक्यावर पांढरं आलं तरी. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर आमच्याकडे मागच्या खोलीत राहायला आली ती राहिलीच. संस्थेत मी तिला मॅडम म्हणतो आणि ती मला मामा म्हणते. घरी आलं की मी तिला धाकटे म्हणतो आणि ती मला भावोजी. फाटकाशी नातं बदलायचं, असं आमचं चालायचं.

एकदा जेवताना बायकोने तिला विचारलं, "तू तिथे नेमकं करतेस काय गं? शेजारीण विचारते, मला धड सांगता येत नाही."

"उजेडाने पाणी फोडते."

"फोडायचं खातं ह्यांच्याकडे आहे. कालच दोन पेले फोडले."

धाकटी हसली. तिने मिठाची वाटी पुढे ओढली आणि चिमूटभर मीठ टेबलावर टाकलं. "ही समज माझी पावडर. एका धातूचं ऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. पाण्यात टाकायची आणि ऊन दाखवायचं. पाण्याचे दोन तुकडे होतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हायड्रोजन जाळला की त्याचं परत पाणी. धूर नाही, राख नाही. चूल पेटव, गाडी चालव, काहीही कर."

"मग अडलंय कुठे?"

"पावडर पांढरी आहे ना, तिथे. उन्हातला जो भाग कातडी रापवतो तेवढाच हिला लागू पडतो, आणि तो उन्हात असतो या मिठाएवढा. डोळ्याला दिसतो तो बाकीचा सगळा उजेड हिच्यावर पडतो म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून हिला पिवळी करायची. भट्टीत घालून अमोनियाच्या झोतात भाजायची. आतले काही ऑक्सिजन उठून जातात, त्यांच्या जागेवर नायट्रोजन येऊन बसतो. घर तेच, भाडेकरू नवा. पिवळी झाली म्हणजे समजायचं, दिसणारा उजेड खायला लागली."

"उजेड खाते आणि पाणी फोडते," बायको म्हणाली. "आमच्या सासूबाईंसारखी दिसते."

हे धाकटी हसतखेळत सांगायची म्हणून सोपं वाटतं. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्या भट्टीपुढे गेली तिची. आच कमी पडली की पावडर पांढरीच राहायची, जास्त झाली की काळपट, आणि नेमकी पिवळी झाली तरी पाण्यात टाकल्यावर कधी कधी नुसती तळाशी बसून राहायची, रुसल्यासारखी. अमोनियाच्या वासाने तिचे डोळे कायम लाल. बायको दारातच विचारायची, "रडलीस का?" ती म्हणायची, "नाही गं, वास आहे." "वासापायी रडतेस. कुणा माणसापायी रडली असतीस तर निदान घरात पोरंबाळं खेळली असती." अशी आमची बायको. तोंडाने फटकळ, पण धाकटी आल्याशिवाय स्वतःचं ताट वाढून घ्यायची नाही.

आणि एके दिवशी गॅस आला.

दिव्यापुढे एक जाड काच लावलेली असते. ती कातडी रापवणारा उजेड अडवते आणि डोळ्याला दिसतो तेवढाच पुढे सोडते. तिच्या पलीकडे मी केलेलं भांडं, भांड्यात पाणी, पाण्यात पिवळी पावडर गरगर फिरतेय. बाजूला गॅस मोजायचं यंत्र. त्याच्या पडद्यावर एक रेघ सरळ चाललेली असते, आणि कुठला गॅस असला की त्याच्या ठरलेल्या जागी ती वर उठते. त्या दिवशी ती हायड्रोजनच्या जागी उठली. धाकटीने जिन्यावरून हाक मारली, मामाबिमा विसरून, "भावोजी, वर या." मी गेलो. मला त्या रेघेतलं काही कळलं नाही, पण तिचा चेहरा कळला. लग्नात तिच्या बहिणीचाही इतका उजळला नव्हता.

तिचं नाव झालं. तिच्यापेक्षा जास्त मोठ्या सरांचं झालं. मोठे सर म्हणजे विभागाचे प्रमुख. आम्ही खालचे लोक त्यांना उंटावरचे म्हणतो. शेळ्या कोण ते सांगायला नको. पण माणूस वाईट नव्हता. धाकटीला भट्टी त्यांनीच मिळवून दिली होती, आणि ती पावडर जगभर त्यांनीच मिरवली.

पण त्या गॅसात एक कुसळ होतं, पहिल्यापासून. पाणी फुटलं की दोन वाटे हायड्रोजन आणि एक वाटा ऑक्सिजन निघायला हवा. इथे हायड्रोजन यायचा, ऑक्सिजन जेमतेम. मोठे सर म्हणाले, ऑक्सिजन पावडरीला चिकटून राहतो, सावकाश सुटेल. बरं. त्यात आणखी एक गॅस दर वेळी दिसायचा, नायट्रोजन. आता नायट्रोजन म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेत सगळ्यात जास्त असतो तो. त्यामुळे या लोकांची एक जुनी सवय आहे. पडद्यावर नायट्रोजन दिसला की त्यावर काट मारायची आणि म्हणायचं, बाहेरची हवा आत शिरली. कुठून शिरली? भांड्याच्या जोडातून. जोड कुणाचा? फुंक्याचा. झालं. त्या उंचवट्याचं नावच पडलं, फुंक्याचं टेंगूळ. धाकटीच्या हाताखाली शिकणारी पोरं पडद्याकडे बघून म्हणायची, "आज टेंगूळ मोठं आहे, मामा काल घरी भांडलेत वाटतं."

मी जोड पुन्हा पुन्हा घासले. ग्रीस बदललं. भांड्याची तोंडं एकमेकांत अशी बसवली की हाताने सुटेनात, गरम करून सोडवावी लागायची. टेंगूळ हाललं नाही. दुसऱ्या विभागांत माझ्याच जोडांची भांडी होती, तिथे असलं काही दिसायचं नाही. पण हे बोलायची सोय नव्हती. बोललो की म्हणणार, नाचता येईना अंगण वाकडं.

मग मोठ्या सरांनी पाहुणे बोलावले. कुठली तरी मोठी माणसं, या पावडरीचे पत्रे करून छपरांवर बसवायचं म्हणत होती. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. पडद्याचं स्वच्छ चित्र हवं, नायट्रोजन नसलेलं. मोठे सर स्वतः खाली आले, माझ्या खोलीत पहिल्यांदाच. दार लहान म्हणून वाकून.

"फुंके, जोडच नको. एकसंध भांडं करा. पाणी, पावडर आत, हवा ओढून घ्या आणि तोंड ज्योतीवर वितळवून कायमचं बंद. जमेल?"

"जमेल की," मी म्हणालो. खरं तर मला हेच कधीचं हवं होतं. म्हटलं, आता एकदाचं तोंड बंद होईल, भांड्याचं आणि लोकांचं.

ते गेल्यावर धाकटी आली. स्टुलावर बसली आणि काचेचे तुकडे बोटाने इकडचे तिकडे करत राहिली.

"भावोजी, नाही जमणार म्हणून सांगा."

मला राग आला. "का? तुझाही माझ्या हातावर विश्वास नाही?"

"तसं नाही."

"मग कसं?"

तिने हातातला तुकडा खाली ठेवला. उठली. दारात थांबून म्हणाली, "करा मग. चांगलं करा."

चांगलंच केलं. असं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. समोर सपाट खिडकी, अंग गोल, आणि यंत्राकडे जाणारा एक हात, तोही यंत्राच्या नळीला वितळवून जोडलेला. हाताच्या आत एक पातळ काचेचा पडदा ठेवला. सगळं झाल्यावर बाहेरून लोहचुंबकाने धरलेला लोखंडाचा गोटा आत सोडून तो पडदा फोडायचा म्हणजे गॅस थेट यंत्रात, हवेचं नाव नाही. वरून पाणी आणि पावडर घातली. पाणी गोठवलं, पंपाने हवा ओढली, पाणी वितळवलं, त्यात अडकलेले बुडबुडे बाहेर आले, परत गोठवलं, परत ओढली. पाण्याच्या पोटात हवेचा कण राहू नये तोवर. मग थोडा आर्गॉन सोडला, तो गॅस कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि शेवटी मानेला ज्योत लावून ओढून घेतली. काच आत बसली, गोल झाली, बंद झाली. नाळ बांधतात तशी.

धाकटीने दिवा लावला. दुपारभर पावडर उजेडात फिरत राहिली. आम्ही दोघंच होतो. तिने पोरांना मुद्दाम सुट्टी दिली होती, ते मला तेव्हा खटकलं नाही. मी खुर्चीत पाय पसरून बसलो आणि तिला चिडवत होतो. "आज टेंगूळ नाही आलं तर त्या उंटावरच्यांना म्हणावं, फुंक्याला फुलांचा गुच्छ द्या." ती म्हणाली, "आधी बघू तरी." तिने नखं कुरतडून कुरतडून रक्त काढलं होतं.

तिने गोटा सोडला. आतला पडदा टिचकन फुटला. रेघ चालू लागली. हायड्रोजनच्या जागी उठली, झकास. ऑक्सिजनच्या जागेवरून सरळ निघून गेली, हुं की चूं नाही. आणि मग नायट्रोजनच्या जागी उठली. होती तेवढीच. नेहमीएवढीच.

 मला वाटलं, हात चुकला. मान बंद करताना कुठे केसाएवढी चीर राहिली.

"थांब," मी म्हणालो, "गळतंय. मी शोधतो."

आमच्याकडे एक ठिणगीची छडी असते. भांड्यातली हवा काढून छडी काचेवरून फिरवायची. धड काचेवर ठिणग्या नुसत्या भिरभिरतात, पण कुठे भोक असेल तर ठिणगी तिथे नेमकी आत घुसते आणि तो ठिपका पांढरा लखलखतो. भांडं पंपावर घेतलं आणि मी छडी फिरवायला लागलो. मानेवर, खिडकीच्या कडांवर, हाताच्या जोडावर. ठिणग्या भिरभिरत राहिल्या. परत फिरवली. खालून, मागून. धाकटी माझ्या खांद्यामागे उभी होती, तिचा श्वास मला मानेवर लागत होता.

"सापडलं?"

"सापडेल."

"भावोजी, द्या इकडे." तिने छडी घेतली. ती माझ्यापेक्षा सावकाश फिरवत होती, एकेक बोट जागा, जणू आजारी माणसाचं अंग पुसतेय. कुठेही ठिणगी आत गेली नाही. तिने छडी बंद केली आणि टेबलावर ठेवली.

"गळत नाही," ती म्हणाली.

"बरोबर, मी म्हणत होतो ना..." आणि मी बोलता बोलता थांबलो, कारण ती खाली बसली होती. खुर्चीवर नाही, फरशीवर, भिंतीला टेकून.

"मग हा नायट्रोजन आला कुठून?" मी विचारलं.

"आत नायट्रोजन आणखी कुठे आहे, भावोजी?"

मला वेळ लागला. मग माझी नजर भांड्यातल्या पावडरीकडे गेली.

तिने मला सांगितलं, अगदी हळू, जेवताना सांगायची तसंच. उजेड पडला की पावडर पाण्यातून हायड्रोजन काढते हे खरं. पण त्याच्या जोडीला पाण्यातला ऑक्सिजन सुटायला हवा, तरच पाणी फुटलं असं म्हणता येतं. ऑक्सिजन सोडवणं अवघड काम. पावडरीने सोपं काम केलं. पाण्याला हात लावण्याऐवजी स्वतःच्याच अंगातला नायट्रोजन सोडला. जो भट्टीत भाजून भाजून आत बसवला होता, तोच. पावडर पाणी फोडत नव्हती. स्वतःला खात होती. खाऊन संपली की थांबणार.

"पण मग हे आधी कसं कळलं नाही? एवढी शिकलेली माणसं तुम्ही."

"नायट्रोजन दिसला की जोड गळतोय म्हणायचो. गळतोय तर हवेतला ऑक्सिजनही यायला हवा, तो का नाही? तर म्हणायचो पावडरीला चिकटला. एक सबब दुसरीच्या खांद्यावर उभी होती." ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "आणि दर वेळी ताजी पावडर घ्यायचो. वापरलेली ओतून द्यायचो कचऱ्याच्या बाटलीत. ओतलेल्या पावडरीचा रंग कुणी बघितलाच नाही."

भांडं कापून तिने पावडर गाळून घेतली, सुकवली आणि ताज्या पावडरीशेजारी कागदावर ठेवली. ताजी पिकल्या लिंबासारखी. वापरलेली फिकट, आजाऱ्याच्या डोळ्यातल्या पांढऱ्यासारखी. पुढच्या दोन दिवसांत तिने तसंच दुसरं भांडं माझ्याकडून करून घेतलं आणि ते काळ्या कापडात गुंडाळून ठेवलं. त्यात काहीच आलं नाही, ना हायड्रोजन ना नायट्रोजन. म्हणजे उजेडच तिला खायला लावत होता. शंकेला जागा उरली नाही.

"तुला आधीच संशय होता," मी म्हणालो. "म्हणून नको म्हणत होतीस."

"होता. पण जोवर तुमचा जोड होता तोवर मला झोप लागायची."

हे ऐकून माझी काय अवस्था झाली ते सांगता येत नाही. इतकी वर्षं मी त्या जोडापायी शिव्या खाल्ल्या, आणि तो जोडच होता म्हणून ती उभी होती. मी तिथल्या तिथे म्हणालो, "धाकटे, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. मी सरांना सांगतो, भांडं बंद करताना चीर राहिली. माझं काय जातंय? गळका फुंक्या, आहेच नाव. तू निवृत्त होईपर्यंत एवढ्यावर भागेल."

तिने लगेच नाही म्हटलं नाही. खरं तेच सांगतोय. बराच वेळ कागदावरच्या त्या दोन ढिगांकडे बघत बसली, आणि मला वाटलं, ऐकते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी दोघांनाही बोलावलं. चित्र त्यांच्या टेबलावर होतं. ते खुळे नव्हते, त्यांना दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं.

"फुंके, बसा." मला त्यांनी कधी बसायला सांगितलं नव्हतं. "नीट आठवून सांगा. मान बंद करताना काही राहिलं का? एखादं बारीक भोक? वय होतं, हात थरथरतो. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही."

मी धाकटीकडे बघितलं. ती उभीच होती. जमिनीकडे बघत होती, आणि अंगठ्याने दुसऱ्या हाताचं नख दाबत होती. तिने मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही.

"हो सर," मी म्हणालो. "राहिलंय. गळतं ते."

सर खुर्चीत मागे टेकले. त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. "बघा मॅडम. मी म्हणत होतो."

तेव्हा धाकटीने वर बघितलं.

"नाही सर. ते माझ्यासाठी खोटं बोलताहेत. मी स्वतः छडी फिरवून बघितलंय. ते भांडं कुठेही गळत नाही. मामांचं काम चोख आहे, आणि आधीचे जोडही चोखच होते. आपणच त्यांच्यावर ढकलत आलो."

माझं काम चोख आहे असं त्या इमारतीत तोवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि जेव्हा म्हटलं तेव्हा मला वाटलं, माझे कान फुटले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला कळतंय ना काय बोलताय?" सर हळू आवाजात म्हणाले. "त्या पावडरीवर किती पोरांचे प्रबंध उभे आहेत?"

"कळतंय. त्यातले बरेचसे मीच तपासलेत."

"थोडं थांबू. आणखी करून बघू. पाहुणे येऊन जाऊ देत."

"पाहुणे ती छपरावर टाकतील सर. आणि एका उन्हाळ्यात ती पांढरी होईल."

 सरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळत बसले. उंटावरून उतरलेला माणूस किती लहान दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. बाहेर आल्यावर जिन्यात मी धाकटीला म्हणालो, "का बोललीस? मी तर सांभाळून घेतलं होतं." ती कठड्याला धरून उभी राहिली. "तुम्ही हो म्हणालात ना, भावोजी, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी घाबरले."

शोध छापणाऱ्या मासिकाला तिने स्वतःच्या हाताने लिहून कळवलं, माझं जे छापलं होतं ते चूक आहे. पाहुणे आले नाहीत. मोठ्या सरांनी सगळीकडे सांगितलं की मॅडमवर आमचा विश्वास होता, ते खोटं नव्हतंच, पण ज्या सुरात सांगितलं त्याने तिचं उरलंसुरलं गेलं. जी पोरं तिच्या हाताखाली शिकून बाहेर गेली होती त्यांतल्या दोघांनी फोन करून तिला वाट्टेल ते सुनावलं. बाकीच्यांनी फोन केला नाही. ते जास्त लागलं तिला. तिच्या खोलीत दुसऱ्यांची टेबलं आली. भट्टी कुणाला नको होती, ती व्हरांड्यात आहे, वर कुणी छत्र्या वाळत घालतं.

घरी ती येते, जेवते, मागच्या खोलीत जाते. माझी बायको आता तिला काहीएक टोचून बोलत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी धाकटी बोलत नाही आणि धाकटी नीट जेवली नाही तरी बायको बोलत नाही. दोघी बहिणी एकमेकींना जपतात. घरात यापेक्षा वाईट आवाज मी ऐकला नाही. एकदा बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, "अहो, तुम्ही ते भांडं जरा वाईट नसतं का केलं?"  मलाही रोज तेच वाटतं.

मी धाकटीला म्हणालो होतो, "पुन्हा लाग. दुसरी पावडर कर. नायट्रोजन नको तर दुसरं काही घाल."

"घालून बघितलंय सगळं, भावोजी. माझ्या हातून जी टिकली ती पांढरीच राहिली, आणि जिने उजेड खाल्ला ती टिकली नाही. कुणाला तरी साधेल. रंगही राहील आणि पाणीही फुटेल. पण त्याला एक अख्खं आयुष्य लागेल, आणि माझं मी वापरलं."

आणि आता खरी थट्टा ऐका. तिने जे कळवलं होतं त्यात त्या भांड्याचं वर्णन होतं. जोड नसलेलं, ज्योतीवर बंद केलेलं. लोकांनी ते वाचलं. आता जिथे जिथे कुणी पिवळ्या, तांबड्या, नारिंगी पावडरी करतं, तिथून मला निरोप येतात, तसलं भांडं करून द्या म्हणून. सगळ्यांना आपली पावडर एकदा तपासून घ्यायची असते. मी करून देतो. चोख करतो, दुसरं येत नाही मला. काही दिवसांनी त्यांचा निरोप येतो, बहुतेक वेळा दोन ओळींचा. त्या दोन ओळी वाचायच्या आधीच मला कळतं. काही जण निरोपच पाठवत नाहीत. माझा धंदा एवढा कधीच चालला नव्हता, आणि बर्नर पेटवताना माझा हात एवढा जड कधीच नव्हता.

मागच्या सुट्टीला एक बाई घरी आली, लांबच्या कुठल्या तरी संस्थेतून. तिशीची असेल. पर्समधून तिने रुमालात गुंडाळलेली एक छोटी बाटली काढली. आत नारिंगी पावडर. डोळे लाल होते तिचे. मी विचारलं नाही कशाने.

"मामा, गॅस येतोय," ती म्हणाली. "भरपूर येतोय. फक्त थोडा नायट्रोजन दिसतो. आमचा जोड जरा गळतो, म्हणून म्हटलं तुमचं भांडं घेऊन जावं, म्हणजे पक्कं होईल."

धाकटी पाणी घेऊन बाहेर आली होती. तिने पेला ठेवला आणि हात पुढे केला. बाईने तिला ओळखलं नाही, बाटली दिली. धाकटीने ती खिडकीशी नेली, उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. बराच वेळ. माझी बायको दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता सांगेल. सांगावं असंही वाटत होतं आणि सांगू नये असंही.

"रंग छान आलाय," धाकटी म्हणाली. "असा रंग मला कधी आला नाही."

बाईचा चेहरा फुलला. धाकटीने बाटली तिच्या हातात दिली, रुमालासकट, आणि आत निघून गेली. मागच्या खोलीचं दार लागलं.

मी त्या बाईला विचारलं, भांडं केवढं हवंय.